वेंगुर्ल्यात शिकलेला तावला

समुद्र बघायला गेलेली बाई पाच दिवस समुद्राकडे पाठ करून बसली, असं माझ्या नवऱ्याने सगळ्या नातेवाइकांत पसरवलं आहे. ते खोटं नाही. त्या व्हरांड्यात बसायची जागाच अशी होती की खेळाच्या पटाकडे तोंड केलं की समुद्र आपोआप पाठीमागे जायचा.

परभणीत तीस वर्षं गणित शिकवून मी मागच्या वर्षी निवृत्त झाले. माझी मैत्रीण शैला आणि मी, दोघींनी वेंगुर्ल्याचा बेत कितीतरी वर्षं रंगवला होता. निघायच्या चार दिवस आधी शैला गच्चीवर कुरडया घालताना घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. "तू जा, आणि आल्यावर सगळं लिहून दे," म्हणाली. म्हणून हे लिहिलं. शैला, तुला किल्ल्याचं वर्णन हवं होतं, ते यात सापडणार नाही. मी किल्ला पाहिला नाही.

पहिला दिवस

कुडाळला गाडीतून उतरून रिक्षाने तासाभरात मुक्कामी पोचले. वेंगुर्ल्याच्या थोडं अलीकडे, समुद्राच्या वरच्या अंगाला कौलारू घर. आपल्याकडे अंगणात तुळस असते तिथे या अंगणात पांढरा क्रूस, आणि त्याच्यापुढे आपल्यासारखीच ताजी फुलं. दारात घरमालकीण आंजेलीनबाई उभ्या होत्या. सत्तरीच्या, बुटक्या, गाऊनवर टॉवेल टाकलेल्या.

"दोघी येवच्या होत्यात मा? दुसरी खंय?"

मी शैलाच्या पायाची हकिकत सांगितली. त्यांनी छातीवर क्रूस केला आणि लगेच विचारलं, "मगे तिच्या वाटणीचो बांगडो कोण खातलो?"

बैठकीत गेले तर अर्ध्या खुर्च्यांवर जुन्या चादरी घातलेल्या. मला वाटलं रंगकाम चाललंय. पण त्या म्हणाल्या, मे महिन्यात दोघं नवरा-बायको मुलाकडे बहारीनला जाणार, घर बंद होणार. "तुमी आमचे शेवटचे पावणे." हे त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे करता करता अगदी साधेपणाने सांगितलं.

तेवढ्यात आतून त्यांचे यजमान आले. कैतानबाब. चौऱ्याहत्तर वर्षांचे, उंच, हाफ पँट, डोक्यावर पांढरे केस कुरळेच्या कुरळे. तीस वर्षं मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होते. त्यांनी नमस्कार केला नाही, प्रवास कसा झाला विचारलं नाही. माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले,

"फाशे टाकूक येतत?"

"तिका आधी जेवक दी!" आंजेलीनबाई आतून ओरडल्या.

जेवायला बांगड्याचं तिखलं, म्हणजे दाट तिखट कालवण, आणि भात. आमच्याकडे मटण म्हणजे मटण, हाड हातात दिसतं. बांगड्याचे काटे आत दडून असतात. चौथ्या घासाला एक घशात रुतला. माझे डोळे पांढरे झाले. कैतानबाब शांतपणे उठले, सुक्या भाताचा लिंबाएवढा गोळा वळून माझ्या हातावर ठेवला. "चावायचो नाय. गिळायचो." गिळला. काटा गेला. मी पाणी पीत, खोकत, डोळे पुसत बसले होते. तर ते म्हणाले, "आता मोकळी झालास मा? चला."

आणि व्हरांड्यात एक लाकडी पेटी उघडून ठेवली.

दुसरा दिवस

शैला, खेळाचं खरं नाव बॅकगॅमन. कैतानबाब त्याला तावला म्हणतात, कारण तो त्यांना जहाजावरच्या एका तुर्की खलाशाने शिकवला. पेटीही कुठल्यातरी तुर्की बंदरातली. बिजागरी तुटलेली, ती सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठोकून जोडली होती.

पेटी उघडली की झाला पट. मध्ये उभी दांडी, आणि दोन्ही बाजूंना मिळून चोवीस लांब त्रिकोण. त्यांना घरं म्हणायचं. प्रत्येकाच्या पंधरा सोंगट्या. माझ्या एका दिशेने फिरणार, समोरच्याच्या बरोबर उलट्या, म्हणजे वाटेत सारखी गाठ पडणार. सगळ्या फिरवून आपल्या शेवटच्या सहा घरांत आणायच्या आणि मग एकेक पटाबाहेर काढायची. ज्याच्या आधी संपल्या तो जिंकला. एवढंच. मी मनात म्हटलं, हे तर सातवीच्या मुलांनाही येईल.

मी फासे टाकले. सहा आणि तीन. मी एक सोंगटी उचलली आणि मोजून नवव्या घरात ठेवली. तिथे कैतानबाबांच्या दोन सोंगट्या होत्या.

"थंय कसा जातलंस? ता माझा पक्का घर. दोन सोंगट्ये इले की दार बंद."

"पण सहा आणि तीन नऊ होतात."

"होवंदेत. हयसर बेरीज करायची नाय. सहा येगळे, तीन येगळे. सहा चालायचे, थंय पाय ठेवचो, मगे तीन चालायचे. पाय ठेवक जागा होयी."

तीस वर्षं मी पोरांना बेरीज करा, बेरीज करा म्हणून ओरडले. आता समोरचा माणूस मला बेरीज करू नका म्हणून ओरडत होता. मी पुन्हा पुन्हा बेरीजच करत होते. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्या बोटावर टिचकी मारली. मला कोणी टिचकी मारून पन्नास वर्षं झाली असतील.

हळूहळू बाकीचं कळलं. सोंगटी एकटी सापडली की समोरचा तिच्यावर येऊन बसतो आणि ती मार खाऊन मधल्या दांडीवर जाते. तिथून फाशाच्या जोरावर पुन्हा पहिल्यापासून आत यायचं, आणि ती आत येईपर्यंत आपली दुसरी कुठलीही सोंगटी हलवायची नाही. माझ्या दोन सोंगट्या दांडीवर बसल्या आणि बसूनच राहिल्या. कैतानबाबांनी तोवर उठून चहा केला, आम्ही प्यालो, कप विसळून आले, तरी मी दांडीवरच. दोन्ही फासे सारखे पडले तर दान चार वेळा चालायचं, म्हणजे दोन पाचांचे वीस. हे कळल्यावर मी गणितात शिरले. त्यांना समजावून सांगितलं की दोन फाशांत निदान एक तरी सहा येण्याची शक्यता छत्तिसांत अकरा असते, म्हणून मी अमुक ठिकाणी सोंगटी उघडी ठेवते आहे, हा धोका परवडतो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग फासे टाकले. सहा आणि सहा.

"फाशे शाळेत गेल्ले नाय, टीचर," म्हणाले आणि माझी सोंगटी मारली.

दान मोठ्याने पुकारायची त्यांची पद्धत होती. सहा-पाच पडले की "शेश-बेश!" दोन सहा म्हणजे "दू-शेश!" एकेका दानाला आरोळी. मी हरले की हळू आवाजात, मी फारच हरले की जोरात. त्या दिवशी मी सात डाव हरले. संध्याकाळी आंजेलीनबाईंनी ओल्या काजूंची उसळ केली होती, तिने जरा दुःख कमी झालं. आमच्याकडे काजू शिऱ्यावर मोजून चार टाकतात. इथे वाटीभर, आणि वर आणखी वाढायला उभ्या.

फक्त एक गोष्ट मला खटकली. इतका सुंदर पट, सोंगट्या जुन्या लाकडाच्या, आणि फासे मात्र ल्यूडोचे. लाल प्लास्टिकचे, हलके, टाकले की उडी मारून खुर्चीखाली जाणारे. मी विचारलं, "याचे मूळचे फासे कुठे गेले?"

कैतानबाबांनी पेटी मिटली. "जेवण थंड जाता," म्हणाले.

तिसरा दिवस

सकाळी आंजेलीनबाईंबरोबर वेंगुर्ल्याच्या बाजारात गेले. त्यांनी तिसऱ्या घेतल्या, म्हणजे शिंपल्यातलं मांस, आणि कोळणीशी इतका वेळ भांडल्या की मला वाटलं आता पोलीस येतील. मग दोघी हसत हसत एकमेकींच्या सुनांची चौकशी करायला लागल्या. परत येताना रिक्षात मी फाशांचा विषय काढला.

"फाशे दाजीकडे आसत," त्या म्हणाल्या. आणि मग घर येईपर्यंत थांबल्या नाहीत.

दाजी परब वरच्या वाडीत राहतात. भातशेती आणि काजूची बाग. कैतानबाब जहाजावरून सुट्टीवर आले की गावात करमायचं नाही, म्हणून त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी दाजींना हा खेळ शिकवला. तेव्हापासून कैतानबाब घरी असतील तेव्हा दुपारचं जेवण झालं की दाजी खाली येणार, दोन तास डाव, मग चहा. पाऊस असो, शिगमा असो, नाताळ असो. दाजींच्या मुलाच्या लग्नातही जेवणावळ उठल्यावर मांडवाच्या मागे एक डाव झाला होता.

मागच्या जुलैत एका डावात दाजींना सहा-तीन पडले. त्यांच्या बाकीच्या सोंगट्या घरात कोपऱ्यात जाऊन बसलेल्या, हलायला एकच सोंगटी मोकळी. ती सहा चालू शकत होती, नाहीतर तीन. दोन्ही नाही, कारण त्यापुढे कैतानबाबांचं पक्कं घर. सहा चालली तर थेट शत्रूच्या तोंडात, तीन चालली तर जरा लांब. दाजी तीन चालले.

"आमच्या ह्येणां म्हटल्यान, तीन नाय चालाक गावचे. दोनांतला एकच चालता तेवा मोठा चालाक होया, असो नियम आसा. दाजी म्हणाले, चाळीस वर्सांत कधी सांगलंस नाय, आता हरूक लागलंस तेवा नियम काढतंस? आमचो हो म्हणता, तुझ्या ध्येनात रवाना नाय तेका मी काय करू. दाजी म्हणाले, खोटारडो. आणि उठान गेले. फाशे मुठीत होते, ते मुठीतच गेले."

आठ महिने झाले. एक शब्द नाही. एक वर पट नसलेला, एक खाली फासे नसलेला.

"पण नियम खरा आहे का?" मी विचारलं.

आंजेलीनबाईंनी रिक्षावाल्याच्या पाठीकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी आल्या. "खरोच आसा. पण ह्येका पण ठावक नव्हतो! त्याच मे म्हयन्यात बेल्जमचो एक पावणो रवलो होतो, त्या गोऱ्यान शिकयल्यान. चाळीस वर्सां दोघय चुकीचोच खेळत होते. ता सांगाक ह्येका लाज वाटली, म्हणान सांगल्यान, तूच इसारलंस."

मी म्हटलं, मग हे दाजींना सांगून टाका ना.

"मी? माझो घो खोटारडो आसा म्हणान मी जावन सांगू?" त्यांनी तिसऱ्यांची पिशवी मांडीवर सावरली. "आणि मे म्हयन्यात आमी जातलंव. परत कधी येतलंव देवाक ठावक."

घर आलं. कैतानबाब व्हरांड्यात ल्यूडोचे फासे घेऊन माझी वाट बघत बसले होते.

चौथा दिवस

सकाळी आंजेलीनबाईंनी माझ्या हातात गरम उंड्यांची पिशवी दिली. उंडे म्हणजे इथले गोल कडक पाव. "वर दाजीकडे न्हेवन दी, आणि येताना ओले काजी हाड." घरच्या बायकांचं येणं-जाणं चालूच होतं, भांडण फक्त पुरुषांचं होतं. मी बुटांच्या नाड्या बांधत होते तेव्हा कैतानबाब वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, "वाटेत कुत्रो आसा. चावणा नाय, पण भुकता."

दाजींच्या अंगणात पोचले. सारवलेलं स्वच्छ अंगण, एका बाजूला काजूच्या बिया वाळत घातलेल्या, पिकलेल्या बोंडांचा आंबूस वास. आणि मध्यभागी चुन्याने रेखलेले चोवीस त्रिकोण. एका बाजूला पंधरा काजूच्या बिया, दुसऱ्या बाजूला पंधरा सुपाऱ्या. दाजी, सत्तरीचे, काळे, सडपातळ, पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून स्वतःशीच खेळत बसले होते. सुपारीकडून टाकत, मग उठून पलीकडे जाऊन काजूकडून टाकत.

"बाईनू, तुमी खालच्या घराकडले मा? येतत काय खेळूक?"

मी हो म्हटल्याबरोबर त्यांनी सुपाऱ्या माझ्याकडे सरकवल्या. मुठीतून दोन पिवळट हाडाचे फासे निघाले, झिजून गोल झालेले. त्यांनी टाकले आणि पुकारले, "शेश-बेश!" बेळगावच्या पलीकडे कधी न गेलेला माणूस तुर्की खलाशासारखी आरोळी देत होता, आणि अंगभर काजूचा धुरळा.

डाव चालू असताना मी त्यांची बाजू ऐकली. ती तीच होती, फक्त आवाज खाली. "नियम असंदे नाय तर नसंदे. पण माका खोटा सांगल्यान. मी इसारलंय म्हणता. बाईनू, माका माझ्या आज्याच्या वेळच्या गाई आठवतत. मी नियम इसारतलंय?"

मला उत्तर माहीत होतं आणि ते माझ्या जिभेवर वळवळत होतं. पण ते सांगणं माझं काम नव्हतं. तोंड बंद ठेवायला काहीतरी हवं म्हणून मी शेजारच्या ढिगातली एक ओली काजूबी उचलली आणि सोलायला म्हणून दाताने फोडली.

शैला, हे कधीही करू नकोस. काजूच्या सालीत चीक असतो, तो तेजाबासारखा भाजतो. माझा ओठ क्षणात पेटला. दाजींची सून धावत खोबरेल तेल घेऊन आली. दाजी एकीकडे "थुका, थुका, गिळू नकात" म्हणत होते आणि दुसरीकडे, "ती बी उचललास ती माझी सोंगटी नाय मा?" हेही बघून घेत होते.

डाव अर्धाच राहिला. उद्या निघण्यापूर्वी पुरा करायचा ठरलं. सोंगट्या तशाच ठेवून त्यावर पालथी टोपली घातली.

खाली आले तेव्हा माझा ओठ पापडासारखा सुजला होता. कैतानबाबांनी ओठाकडे पाहिलं, त्याबद्दल काही विचारलं नाही. ते सोंगट्या लावत बसले. मग अगदी सहज विचारल्यासारखं, "अजून तो आधी पाचवा घरच बांधता काय?"

"हो."

"चाळीस वर्सां सांगतंय, सारख्या थंयच जावचा नाय," ते म्हणाले, आणि चेहऱ्यावर जी काय खुशी पसरली ती लपवायला त्यांनी चष्मा काढून पुसला.

मला तेवढं पुरलं. मी म्हटलं, "कैतानबाब, तो मोठ्या दानाचा नियम तुम्हाला कधी कळला?"

त्यांनी फासे खाली ठेवले. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज एकदम थांबला. ते उठले आणि बागेत नळी घेऊन झाडांना पाणी घालायला गेले. झाडांना सकाळीच पाणी घातलेलं होतं. रात्रीच्या जेवणात दाजींकडून आणलेल्या ओल्या काजूंचं सुकं फार छान झालं होतं, पण टेबलावर कोणी बोललं नाही. मला वाटलं, संपलं. आपल्या आगाऊपणाने शेवटचे पाहुणे म्हणून यांच्या लक्षात राहणार.

पाचवा दिवस

माझी गाडी दुपारची होती. नाश्ता करून मी दाजींकडे वर गेले. सामान आंजेलीनबाई रिक्षात घालून कुडाळला घेऊन येणार होत्या, त्यांना बँकेतही काम होतं. मला दुसऱ्या रिक्षाने दाजींच्या घरूनच नेण्याचं ठरलं होतं. अकराच्या सुमारास फाटकाशी रिक्षा वाजली. मी मान वर केली तर रिक्षातून कैतानबाब उतरले.

हाफ पँट नव्हती. पूर्ण पँट, इस्त्रीचा शर्ट, जणू रविवारचं चर्च. ते फाटकाच्या आत आले नाहीत. आमच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि रस्त्यापलीकडचं एक फणसाचं झाड निरखू लागले. दाजींनी त्यांना पाहिलं, पाहिलं नाही असं केलं, आणि मला म्हणाले, "टाका बाईनू."

मी टाकले. चार आणि एक. मला एक सुंदर चाल दिसली. पुढच्या बाजूला दाजींची एक काजूबी एकटी होती. माझं एक पक्कं घर मोडलं तर त्यातली एक सुपारी जाऊन तिला मारू शकत होती. मी सुपारी उचलली. उचलताना बोललेही, "चार... आणि हे मारलं."

"गो टीचर, ता घर मोडू नको!"

फणसाकडे बघणारा माणूस आता फाटकाच्या आत दोन पावलं होता.

दाजींनी मान वर केली नाही. "मधी बोलायचा नाय."

"अरे पण ती घर मोडता!"

"मोडूंदे. घर तिचा आसा."

"दोन सोंगट्ये उघडे टाकल्यान तिणां! कोणी शिकयल्यान हिका असा?"

"तूच शिकयलंस."

"मी असा शिकयलंय नाय! मी शिकयलंय तेवा बरी खेळत होती. ह्या तुझ्याकडसून लागला तिका, एका दिसात!"

"माझ्याकडसून? ती कालच अशी इली!"

मी हातात सुपारी धरून बसले होते. वाचणाऱ्याला वाटेल, बाई हुशार, मुद्दाम वाईट चाल केली. तसं सांगायला मला फार आवडलं असतं. पण ती चाल मला मनापासून चांगली वाटली होती.

दोघं आणखी दोन-चार वाक्यं माझ्या अकलेबद्दल बोलले. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं की आपण बोलतो आहोत. कोंबडी वाळत घातलेल्या काजूंवरून चालत गेली तरी तिला कोणी हाकललं नाही.

कैतानबाबांनी चप्पल काढली आणि अंगणाच्या कडेला टेकले. "दाजी," ते म्हणाले. "तो नियम माकाय तेवाच कळलो होतो. बेल्जमचो पावणो रवलो होतो मा, त्याणां सांगल्यान. आपल्या भांडणाआधी दोन म्हयने. तू इसारूक नाय होतंस. मी सांगूकच नाय होतंय."

"मगे तसा सांगाक काय झाला होता?"

"चाळीस वर्सां तुका मी शिकयलंय. आणि माकाच येवक नाय? लाज वाटली."

दाजींनी बोटाने चुन्याची एक पुसलेली रेघ सरळ केली. मग म्हणाले, "नियम बरोबर आसा ता माका ठावक आसा."

"काय?"

"भांडान चार दिस झाले तेवा सुनेन मोबायलार बघून सांगल्यान. दोनांतला एकच चालता तर मोठा चालाक होया. असाच लिवलेला होता."

"चार दिस!" कैतानबाब उभे राहिले. "आणि तू आठ म्हयने हय काजीच्या बियांबरोबर खेळत बसलंस?"

"येवक निघालंय होतंय दोनदा. तुझ्या पाणंदीपर्यंत इलंय. पुढे पाय उचलाक नाय."

कैतानबाबांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, आणि माझ्यासमोर येऊन म्हणाले, "टीचर, उठा."

मी म्हटलं, माझा डाव अर्धा आहे.

"ह्या डावात काय रवला नाय. उठा."

मी उठले. ते माझ्या जागेवर बसले, माझ्या हातातली सुपारी घेऊन जिथून निघाली होती तिथे परत ठेवली आणि चार-एक अशा काही चालले की दाजींच्या तोंडून नुसतं "हूं" निघालं. ही गोष्ट नियमात बसत नाही, एकाचा अर्धा डाव दुसऱ्याला खेळता येत नाही, असं मी सांगणार होते. पण रिक्षावाल्याने हाक मारली. मी दोघांना नमस्कार केला. दाजींनी फासे टाकता टाकता डावा हात हलवला. कैतानबाबांनी तेवढंही केलं नाही.

कुडाळ स्टेशनवर आंजेलीनबाई माझ्या सामानाशेजारी बाकड्यावर बसल्या होत्या. मला एकटीला बघून घाबऱ्या झाल्या. "आमचो हो खंय? ह्येका मी सांगलंय होतंय, गाडीत बसवन ये. सकाळपासून शर्ट इस्तरी करीत होतो."

"बसलेत. खेळतायत."

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांनी दोन्ही हातांनी माझा दंड घट्ट धरला, हसल्या, आणि हसतानाच डोळ्यांत पाणी आलं. "बरा झाला गो. आठ म्हयने देवाकडे ह्याच मागी होतंय." मग टॉवेलने डोळे टिपून, जरा वेळाने, "पण आता ह्येका मी बहारीनाक न्हेतलंय कसो?"

गाडी आली. त्यांनी खिडकीतून काजूचं पुडकं आत टाकलं, "भाजलेले आसत, दातान फोडू नको" म्हणाल्या, आणि गाडी हलेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

परभणी

कैतानबाब आणि आंजेलीनबाई मे महिन्यात बहारीनला गेले. ठरल्याप्रमाणेच. आंजेलीनबाईंनी तिथून फोटो पाठवला. उंच इमारत, काचेची बाल्कनी, त्यात कैतानबाब पाठमोरे. जाताना पट त्यांनी बरोबर नेला आणि हाडाचे फासे दाजींकडेच ठेवले, असं कळलं. मला वाईट वाटलं. शैला, तुला सगळी गोष्ट सांगितली तेव्हा तुलाही वाटलं.

जूनच्या शेवटी एका दुपारी फोन वाजला. नंबर अनोळखी.

"बाईनू, दाजी परब बोलतंय, पोराच्या फोनावरसून. एक इचारायचा होता. तुमी गणिताचे मा?"

मी म्हटलं, बोला.

"मी आणि कैतान रोज खेळतंव. सुनेच्या मोबायलार. तोंड दिसता त्याचा. थंयसर तो पट लावता, हयसर मी तसोच लावतंय. तो टाकता तेवा आपले फाशे टाकता, मी टाकतंय तेवा माझे. पण बाईनू, त्याचे फाशे मोबायलात दिसणत नाय. नुसतो आवाज येता. आणि मगे तो म्हणता, दू-शेश! आज सकाळपासून चार वेळा दू-शेश. आता सांगा, मी कसा मानू? असो कायतरी नियम असतलो."

मी हिशेब केला. सवयीने. एकदा दोन सहा पडण्याची शक्यता छत्तिसांत एक. चार वेळा म्हणजे... मी हिशेब सोडून दिला.

"दाजी, कैतानबाब आत्ता मोबाइलवर आहेत का?"

"आसत मा. हे समोर. सगळा आयकतत."

"आणि आंजेलीनबाई घरात आहेत?"

"त्याच्या मागे भाजी निवडतत."

"मग सोपं आहे," मी म्हटलं. "कैतानबाबांचे फासे यापुढे आंजेलीनबाईंनी टाकायचे आणि त्यांनीच दान सांगायचं."

दाजींनी हे मोठ्याने समुद्रापलीकडे सांगितलं. मग दुसऱ्या मोबाइलातून, दूरवरून, कैतानबाबांचा आवाज अगदी स्पष्ट ऐकू आला.

"तिका नको रे! ती खरा सांगता!"